आम्हाला काही नाही हो, पण...

(वाचकांचे प्रश्न, वकीलकाकूंची उत्तरं)

या वेळच्या टपालात बहुतेकांची तक्रार एकच आहे. अमुक माणूस बोलतो एक आणि करतो भलतंच. कुणाचा भाऊ, कुणाचे बाबा, आणि एका गृहस्थांची तर स्वतःबद्दलच. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान' ही म्हण जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे, ती मी सगळीकडून काढून टाकली. ती म्हटली की समोरच्याला कोरडा पाषाण ठरवून आपण मोकळे होतो आणि मूळ काम तिथंच राहतं. मी बडोद्याच्या न्यायमंदिरात, म्हणजे जुन्या कोर्टाच्या इमारतीत वकिली केली आणि कोर्ट दिवाळीपुऱ्याला गेलं तेव्हा कोट खुंटीला टांगला. शपथेवर सांगितलेलं आणि प्रत्यक्षात केलेलं यांतलं अंतर हाच तिथला रोजचा माल. तेव्हा माझ्याकडून संतवचनांची अपेक्षा ठेवू नका.

प्रश्न : माझं माहेर दांडिया बाजारात. बाबांनी नोकरीच्या पैशातून घेतलेलं दुमजली घर आहे. मृत्युपत्र न करताच ते गेले. मागे आई, दादा, मी आणि धाकटी बहीण. दादाला बडोद्याच्या मराठी वर्तुळात मान आहे. दर ८ मार्चला तो स्त्री-पुरुष समानतेवर बोलतो आणि छान बोलतो. वहिनीला त्याने नोकरी 'करू दिली', मुलीला कॅनडाला शिकायला पाठवलं. गेल्या महिन्यात त्याने आम्हा दोघी बहिणींना हक्कसोडीच्या मसुद्याचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवले. खाली लिहिलं, 'फक्त फॉर्मॅलिटी आहे. सोमवारी सबरजिस्ट्रारकडे वेळ घेतली आहे. आईला तर मीच सांभाळतो.' पैशाचं काही नाही हो काकू, पण मन खट्टू झालं. आई म्हणते, हिस्सा मागितलात तर माहेर तुटेल. सोमवार आम्ही कसाबसा पुढे ढकलला आहे. माझा दादा ढोंगी आहे का?
— एक बहीण, कारेलीबाग

उत्तर : 'पैशाचं काही नाही हो' हे वाक्य आधी खोडा. पैशाचंच आहे. दांडिया बाजारातल्या घराचा पाव हिस्सा म्हणजे किती रुपये, हा हिशोब तुमच्या दादाने केव्हाच केलेला असणार. तुम्ही केला नाही, कारण असले हिशोब करणं चांगल्या घरच्या मुलीला शोभत नाही असं तुम्हाला लहानपणापासून सांगितलं गेलं. एखाद्या दलालाला विचारा, आकडा कागदावर लिहा, आणि मग पुढचं वाचा.

घर बाबांच्या स्वकमाईचं, मृत्युपत्र नाही. अशा वेळी १९५६ चा हिंदू वारसा कायदा विधवा, मुलगा आणि मुली यांना सारखंच देतो. तुम्ही चौघं, म्हणून पाव-पाव. लोक इथे उगाच २००५ ची दुरुस्ती आणतात. मुलीला मुलासारखा जन्मजात हक्क देणारा तो बदल वडिलोपार्जित एकत्र मिळकतीसाठी आहे. तुमचा हक्क त्याहून जुना आहे. मात्र त्या दुरुस्तीने तुमच्यासारख्यांचंही एक मोठं काम केलं, मूळ कायद्यातलं २३ वं कलम काढून टाकलं. ते होतं तोवर कुटुंब राहत असलेल्या घरात मुलीचा हिस्सा असायचा, पण भाऊ वाटणी मागत नाहीत तोवर तिला ती मागता येत नसे. हिस्सा आहे, फक्त मागायचा नाही! जवळजवळ पन्नास वर्षं खुद्द कायदाच बोलत एक होता आणि करत दुसरं. तुमचा दादा त्याच वळणावर गेला आहे.

आता तो मसुदा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत नेहमीचीच ओळ आहे : 'राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाशिवाय, बिनकेफी हालतीत'. दारूबंदीच्या राज्यात प्रत्येक दस्तात माणसाने नशेत नसल्याची ग्वाही द्यावी, याची मला वकिलीत कायम गंमत वाटत आली. पण 'दबावाशिवाय' या शब्दाची गंमत वाटत नाही. सबरजिस्ट्रारच्या कचेरीबाहेर मी अशा कितीतरी बहिणी बघितल्या आहेत. रिक्षातून उतरायचं, कॅमेऱ्यासमोर बसायचं, अंगठा टेकवायचा, दाखवतील तिथे सह्या करायच्या, वाचायचं काही नाही कारण वाचायला लागलं तर भावावर अविश्वास दिसतो. मग बाहेर येऊन उसाचा रस प्यायचा. रसाचे पैसे भाऊ देतो.

एकदा ती सही झाली आणि दस्त नोंदला गेला की परत फिरणं फार अवघड. फसवणूक किंवा दबाव तुम्हालाच सिद्ध करावा लागतो, आणि दस्त रद्द करून मागायला कळल्यापासून तीनच वर्षं मिळतात. उलट, स्थावराचा हक्क नुसता तोंडी सोडला तर त्याला कायद्यात किंमत नाही. दादाने 'पुढे तुमचं बघेन' असं तोंडी म्हटलं असेल, तर त्यालाही तेवढीच किंमत.

ढोंगी आहे का, हे विचारलंत. मला तसं वाटत नाही. त्याची समानता खरी असावी, फक्त आजवर तिने त्याच्याकडे काही मागितलेलं नाही. वहिनीच्या नोकरीचा पगार त्याच्याच घरात आला. मुलीच्या कॅनडाचा मान त्यालाच मिळाला. ज्यात त्याच्या पदरचं काही जाईल, अशी समानता या घराच्या रूपाने पहिल्यांदाच त्याच्या दारात उभी आहे, आणि तो नेमका 'फक्त फॉर्मॅलिटी' म्हणाला. माणसं बहुतेक अशीच असतात. त्यात दुःख करण्यापेक्षा त्याचा उपयोग करा.

उपयोग कसा, ते पुराव्याच्या कायद्यातून सांगते. १८७२ चा जुना कायदा गेला आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण हे तत्त्व तसंच आहे. पक्षकाराने स्वतः केलेलं विधान ही कबुली समजतात, आणि कबुली त्याच्याविरुद्ध वापरता येते. त्याच्या स्वतःच्या फायद्यासाठी सहसा वापरता येत नाही. मी समानता मानतो असं म्हणून दादाला काही मिळत नाही. पण तुम्हाला मिळतं. दर ८ मार्चला भरल्या सभागृहात तो तुमच्या बाजूची साक्ष देत आलाय! कोर्टात ती लागणार नाही, घरात मात्र नक्की लागेल. तेव्हा भांडू नका, टोमणे मारू नका, बहिणीला सोबत घेऊन एवढंच लिहा : 'दादा, मसुदा वाचला. तुझी भाषणं आम्ही दोघींनी ऐकली आहेत आणि आम्हाला ती पटतात. चौघांच्या नावावर वारसाई करू. पेढीनाम्यासाठी (वारसांच्या वंशावळीसाठी) तलाट्याकडे मी जाते.' पुढे काही लिहू नका. त्याला उत्तराला वेळ लागेल, लागू द्या.

'आईला मीच सांभाळतो' हे मात्र खरं असेल तर त्याचं मोल आहे, आणि इथे मला तुम्हालाही विचारायचंय. आईवडिलांच्या पोषणाचा २००७ चा कायदा मुलगा आणि मुलगी दोघांनाही जबाबदार धरतो. आईची औषधं, दवाखाना, दिवसाची बाई, सगळा महिन्याचा खर्च दादाकडून लिहून घ्या आणि तुमचा वाटा ठरवा. पैसे जमत नसतील तर दिवस द्या. समान हक्काचं भाषण तुम्ही केलं नसलं तरी मागणी तर करताय. आईचा स्वतःचा पाव हिस्सा आहे, तो तिने मृत्युपत्राने दादाला दिला तर त्यात कुणाचं काही जात नाही. आणि सगळं होऊनही तुमचा हिस्सा दादाला द्यावासा वाटला तर खुशाल द्या. फक्त त्याची किंमत माहीत झाल्यावर, आणि सोमवार तुम्ही ठरवा.

राहिलं माहेर. सही न केल्याने ते तुटणार असेल तर तोडणारा कोण, एवढं आईला एकदा शांतपणे विचारा.

प्रश्न : आम्ही पुण्याला स्लीपरने जात होतो. माझ्या मुलाला नुकतीच बारा पूर्ण झाली, पण त्याचं अर्धं तिकीट काढलं, बर्थ घेतला नव्हता. टीसीने विचारलं तर अकरा सांग, असं आधीच पढवून ठेवलं होतं. टीसीने विचारलं, त्याने सांगितलं. टीसी गेल्यावर मला म्हणतो, 'आई, आता आजीलाही अकराच सांगायचं का?' मी घरात त्याला खोटं बोलण्यावरून सारखी रागावते. काय उत्तर देऊ?
— एक आई, वाघोडिया रोड

उत्तर : मुलगा तुम्हाला टोमणा मारत नाहीये, तो नियम विचारतोय. कुणाशी खरं बोलायचं आणि कुणाशी नाही, याची यादी त्याला हवी आहे. ती त्याला मिळाली की तो तुमचं नाव कुठल्या बाजूला टाकेल ते सांगता येत नाही. त्याला सांगा की आजीलाही बारा आणि टीसीलाही बारा, तिकिटाचं चुकलं, पुढच्या वेळी पूर्ण काढू. आणि काढा. शिवाय बारा पूर्ण झालेल्या मुलाला चारचौघांत अकराचा म्हणायला लावणं हा त्याचा केवढा अपमान आहे, हे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

प्रश्न : काकू, मी सत्तावीस वर्षांची आहे, आयटीत नोकरी करते. बाबा निवृत्त शिक्षक. आमच्या हॉलमध्ये सयाजीराव महाराजांची मोठी तसबीर आहे. सक्तीचं मोफत शिक्षण, वाचनालयं, अस्पृश्यांच्या शाळा, हे सगळं मी बाबांच्या तोंडून ऐकत मोठी झाले. मांजलपूरला आमचा एक फ्लॅट रिकामा आहे. ऑफिसातला एक मुलगा नागपूरहून बदलून आला, भाड्याने घर शोधत होता. मी घरी सांगितलं. बाबांचा पहिला प्रश्न : 'आडनाव काय?' आडनाव ऐकून म्हणाले, 'आपल्याला काही नाही गं, पण सोसायटीचं बघावं लागतं.' दुसऱ्या दिवशी फ्लॅटचं रंगकाम निघालं. मीही त्या मुलाला रंगकामाचंच सांगितलं, आणि तेव्हापासून कँटीनमध्ये त्याच्यासमोर बसवत नाही. बाबांशी बोलून पाहिलं. 'मी जात मानत नाही, हे तुला माहितीये,' एवढंच म्हणतात.
— गोत्रीहून एक मुलगी

उत्तर : अगं, तुझ्या बाबांना महाराजांची गोष्ट पाठ आहे ना, मग त्याच गोष्टीचा पुढचा भाग त्यांना विचार. १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करणाऱ्या याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. करारात परतल्यावर बडोदं संस्थानची नोकरी होती. १९१७ मध्ये ते इथे आले. नोकरी मिळाली, राहायला खोली मिळेना. शेवटी पारशी नाव लावून एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी दारात येऊन उभे राहिले, संध्याकाळच्या आत चालते व्हा म्हणाले. बाबासाहेबांनी कामाठीबागेत जाऊन रात्री नऊच्या मुंबईच्या गाडीची वाट पाहत वेळ काढला. तिथे आज संकल्पभूमी हे त्यांचं स्मारक आहे, २३ सप्टेंबरला माणसं जमतात. इतकं बडोद्यात बहुतेकांना माहीत असतं.

मधला एक भाग लोक सांगत नाहीत. बाबासाहेबांनी तो स्वतः लिहून ठेवलेला आहे. त्या दिवशी बागेत जाण्याआधी ते आपल्या दोन मित्रांकडे गेले होते. लाठीवाले नव्हेत, मित्र. एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्राला हकिगत ऐकून फार वाईट वाटलं, चीडही आली. आणि मग तो म्हणाला, तू माझ्याकडे राहिलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको उद्या येतेय, तिला विचारावं लागेल. बाबासाहेबांना पुढे कळलं की नवरा-बायको मूळचे ब्राह्मण घरातले, धर्म बदलला तरी बायकोचं सोवळं सुटलं नव्हतं.

दोघांनाही स्वतःला काही नव्हतं. एकाला नोकरांचं बघायचं होतं, एकाला बायकोचं. तुझ्या बाबांना सोसायटीचं बघायचंय. शंभराहून अधिक वर्षं झाली, फक्त नोकरांच्या जागी सोसायटी आली. लाठी घेऊन दारात आलेल्या माणसाशी निदान भांडता तरी येतं. या 'आपल्याला काही नाही' वाल्या माणसाशी भांडायला सुरुवातच करता येत नाही, कारण तो आधीच आपल्या बाजूला येऊन बसलेला असतो. म्हणून त्याला तिथून उठवायचं. बाबांना विचार, सोसायटीतलं कोण? नाव सांगा. चेअरमनना विचारलंत का? कधी विचारलंत? मी जाऊन विचारू का? मला जवळजवळ खात्री आहे की सोसायटीला कुणीही काही विचारलेलं नाही. आणि विचारल्यावर चेअरमन खरंच नको म्हणाले, तर ते लेखी द्या म्हणावं. लेखी द्यायला सहसा कुणी तयार होत नाही.

दुसरी एक गोष्ट सांगते, ती अमेरिकेतली आहे आणि थोडी उलटी आहे. तिथे चिनी लोकांबद्दल उघड तिटकारा होता त्या काळात, १९३० च्या सुमारास, रिचर्ड लापिएर नावाचे प्राध्यापक एका चिनी जोडप्याला घेऊन देशभर मोटारीने हिंडले. २५१ हॉटेलं आणि खाणावळी झाल्या, नकार मिळाला फक्त एका ठिकाणी. काही महिन्यांनी त्याच मालकांना पत्र पाठवून विचारलं, चिनी गिऱ्हाईक घ्याल का? ज्यांनी उत्तर दिलं त्यांतले नव्वद टक्क्यांहून जास्त 'नाही' म्हणाले. १९३४ मध्ये हे छापून आलं. म्हणजे बोलणं चांगलं आणि वागणं वाईट, असंच दर वेळी नसतं. आडनाव ऐकून नाही म्हणणारा माणूस, समोर उभा राहिलेल्या पोराला चहा विचारतो. त्या जोडप्याबरोबर गोरा प्राध्यापक उभा होता, हे मात्र विसरायचं नाही. इथे तो प्राध्यापक तू आहेस.

म्हणून त्याला घरी घेऊन जा असं सांगावंसं वाटतंय, पण आधी रंगकाम निस्तर. त्या मुलाला खरं काय घडलं ते सांग. कदाचित त्याने ते पहिल्याच दिवशी ओळखलं असेल. अशी 'रंगकामं' त्याने आधीही ऐकली असणार. मग तो ठरवेल, तुमच्या घरी यायचं की नाही. नाही आला तर तो त्याचा हक्क. तुझ्या बाबांचं मन वळवायला त्याने चहा प्यायला येऊन चांगलं वागून दाखवावं, ही जबाबदारी त्याची नाही. फ्लॅटच्या कागदावर तुझं नाव आहे का? असेल तर बाबांशी बोलायची पद्धत थोडी बदलेल.

प्रश्न : मी विद्यापीठात तत्त्वज्ञानात एम.ए. करतो. आम्हाला नीतिशास्त्र शिकवणारे सर वर्गात माणसाच्या प्रतिष्ठेवर अप्रतिम बोलतात, आणि तास संपला की शिपायावर सगळ्यांदेखत ओरडतात. मग हे शिकण्याचा उपयोग काय? नीतीचा अभ्यास करणारी माणसं जास्त चांगली वागत असतील, असं कुठे सिद्ध झालंय का?
— एक विद्यार्थी, प्रतापगंज

उत्तर : सिद्ध झालंय ते उलटं म्हणता येईल असंही नाही, पण तुला आवडणार नाही असं आहे. एरिक श्विट्झगेबेल नावाचे अमेरिकन तत्त्वज्ञ हेच तपासत बसले आहेत. त्यांनी आणि जोशुआ रस्ट यांनी प्राध्यापकांना विचारलं, सस्तन प्राण्यांचं मांस नेहमी खाणं योग्य की अयोग्य? नीतिशास्त्राच्या प्राध्यापकांपैकी ६० टक्क्यांनी ते अयोग्य मानलं, इतर विषयांच्या प्राध्यापकांपेक्षा किती तरी जास्त. मग विचारलं, आदल्या रात्रीच्या जेवणात असं मांस होतं का? ३७ टक्के नीतिशास्त्रवाले 'हो' म्हणाले, आणि इतरांपेक्षा त्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. मतं पुढे गेली, ताट तिथंच. (आपल्याकडे हा प्रश्न जातीवर जाईल आणि भलताच वाद होईल, म्हणून तू वर्गात तो काढू नकोस.)

त्याहून जुना प्रयोग प्रिन्स्टनचा, डार्ली आणि बॅटसन यांचा, १९७३ मध्ये छापलेला. पाद्री होण्यासाठी शिकणाऱ्या मुलांना दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायला सांगितलं. काहींना विषय दिला बायबलमधल्या त्या परोपकारी माणसाचा, जो रस्त्यात जखमी पडलेल्या परक्याला उचलतो. वाटेत एका दारात एक माणूस वाकून, खोकत, कण्हत बसवलेला होता. ज्यांना सांगितलं होतं की भरपूर वेळ आहे, त्यांतले ६३ टक्के थांबले. ज्यांना सांगितलं की उशीर झालाय, पळा, त्यांतले १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता, याने फारसा फरक पडला नाही. परोपकारावर बोलायला निघालेली मुलं परोपकाराची संधी ओलांडून भाषणाला वेळेवर पोचली.

मला यातून सरांबद्दल कळतं ते असं. तासावर त्यांच्याकडे वेळ असतो, श्रोते असतात, प्रतिष्ठेचा मुद्दा त्यांनी रात्री तयार केलेला असतो. शिपाई येतो तेव्हा बहुधा प्रोजेक्टर चालत नसतो, किंवा हजेरीचं रजिस्टर सापडत नसतं आणि पुढचा तास डोक्यावर असतो. यात त्यांची सुटका नाही. शिपायालाही उशीर झालेला असतो आणि तो सरांवर ओरडत नाही, हे तुझ्याही लक्षात आलं असेल. माणूस कुणावर ओरडतो हे घाईवर ठरत नाही, ते पगारावर ठरतं. प्रिन्स्टनवाल्यांनी ते तपासलं नव्हतं.

तू काय करावंस? सरांचं शिकवणं सोडू नकोस. त्यांनीच शिकवलेला प्रश्न त्यांना विचार, पण वर्गात नको, तिथे तुलाही टाळ्या मिळतील आणि मग तू त्यांच्याच रांगेत. एकटे असताना विचार. आणि शिपायाचं नाव तुला माहीत आहे का? पत्रात सरांच्या बोलण्याबद्दल पानभर आहे, शिपायाचा उल्लेख फक्त 'शिपाई' असा आहे.

प्रश्न : आपल्यासमोर कबूल करतो. वय ६८. दर २ ऑक्टोबरला एका शाळेत व्यसनमुक्तीवर बोलतो, पंचवीसेक वर्षं झाली असतील. माझ्याकडे दारूचं हेल्थ परमिट आहे, डॉक्टरांच्या कागदावर, सगळं कायदेशीर. रात्री एक पेग, कधी दोन. मुलगा म्हणतो, बाबा, एक तर परमिट सोडा नाहीतर भाषण. विचार करून मी भाषण सोडायचं ठरवलं आहे. निदान खोटेपणा तरी नको. बरोबर ना?
— एक निवृत्त, निझामपुरा

उत्तर : चूक. मुलाने दिलेल्या दोन पर्यायांतला स्वस्त तो तुम्ही निवडला आणि त्याला प्रामाणिकपणा म्हणताय. भाषण सोडल्याने पेग कमी होणार नाही. उलट वर्षातून एक दिवस तुम्हाला स्वतःचं बोलणं स्वतःच्या कानांनी ऐकावं लागत होतं, तेही जाईल. अशी माणसं मी बघितली आहेत, जी 'आपण कुणाला शिकवायला जात नाही बुवा' असं म्हणत आयुष्यभर वाटेल ते करतात, आणि वर नम्र म्हणवून घेतात. ढोंगी माणूस परवडला, त्याला निदान त्याच्या शब्दाला धरून ठेवता येतं.

आणि परमिटची एवढी शरम कशाला? गुजरात १९६० मध्ये वेगळं राज्य झालं तेव्हापासून इथे दारूबंदी आहे, आणि चाळिशी ओलांडलेल्या माणसाला प्रकृतीच्या कारणावरून परवाना देण्याची सोयही त्याच सरकारची. शनिवारी दारू खुली असलेल्या दमणच्या रस्त्याला कोण कोण भेटतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. डिसेंबर २०२३ मध्ये गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटी या वित्तीय केंद्रापुरती सूटही आली. शाळेतल्या पोरांना हे सगळं तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. त्यांच्यासमोर तुम्ही गेली पंचवीस वर्षं असं बोलताय की जणू दारू ही कुणा दुसऱ्या गावची गोष्ट आहे. भाषण कंटाळवाणं होत असणार ते त्यामुळे.

यंदा असं करा. सुरुवातीलाच सांगा की माझ्याकडे परमिट आहे, मी रोज एक पितो, कधी दोन होतात, आणि ते दोनवरून एकवर आणणं मला किती जड जातं ते मी आज सांगणार आहे. मग तेच सांगा. संध्याकाळी सात वाजता नेमकं काय होतं, डॉक्टरांना किती सांगता आणि किती लपवता, मुलगा बघतोय हे कळल्यावर ग्लास कुठे ठेवता. मुख्याध्यापक बिथरतील. कदाचित आधीच मजकूर बघायला मागतील आणि तुमच्याऐवजी कुणा महाराजांना बोलावतील. तसं झालं तर मला कळवा, मी त्यांना पत्र लिहीन.

परवानगी मिळाली तर भाषण दहा मिनिटांत आटपा. ऑक्टोबरात सकाळी साडेआठलाही ऊन असतं आणि पोरं मैदानात उभी असतात.